शिकवलं की पळतो, असं म्हणणाऱ्या कारखानदारांना

प्रति,
उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतली समस्त कारखानदार मंडळी,
तसंच आयटीआयच्या संस्था व्यवस्थापन समित्यांवर बसणारे त्यांचे प्रतिनिधी यांस,

स. न. वि. वि.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी ओळखतो. काही जण मलाही ओळखत असतील, कारण तुमच्या शॉपमधल्या दोन-चार टर्नरांच्या हातात पहिलं टूल मी दिलेलं आहे. टर्नर ट्रेडचा शिल्प निदेशक, म्हणजे आयटीआयत लेथकाम शिकवणारा मास्तर, म्हणून उभी हयात गेली. आता सकाळी रंकाळ्याला फेरी, मग चहा, मग पेपर. आणि पेपरात दर दोन-तीन महिन्यांनी तुमच्यापैकी कुणीतरी सांगत असतंच, की कोल्हापुरात कुशल कामगार मिळत नाही. मंत्री आले की तेच, बँकवाले आले की तेच. इतक्यांदा वाचलंय की मी आता त्या बातमीवरनं थेट शेतीच्या पानावर जातो.

पण दिवाळीनंतर एका शॉपमध्ये जाणं झालं आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. मालक माझ्या ओळखीतला. नवीन व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी मिलिंग मशीन, घेतली होती, ती दाखवायला बोलावलं. मशीन देखणी होती, शंका नाही. तिच्यासमोर चाळिशी ओलांडलेला एक माणूस उभा होता. मी सवयीप्रमाणं जॉब हातात घेतला आणि त्याला विचारलं, "ह्या बोअरला टॉलरन्स किती आहे हो?" म्हणजे ह्या भोकाच्या मापात किती फरक चालतो. तो ओशाळून हसला. म्हणाला, "ते सेटर बघतोय सर. आपल्याकडं हिरवं बटण आन् लाल बटण."

सतरा वर्षं तो त्याच शॉपमध्ये आहे. जॉब लावतो, बटण दाबतो, जॉब काढतो, गेज घालून बघतो. इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजला आणि माप सरकायला लागलं की लाल बटण दाबतो आणि सेटरची, म्हणजे मशीनची मापं लावून देणाऱ्याची, वाट बघत उभा राहतो. सेटर दुसऱ्या मशीनवर असला तर पाऊण तास जातो. लाखो रुपयांची मशीन तेवढा वेळ गप्प. ऑफसेटमध्ये, म्हणजे टूलचं माप दुरुस्त करायच्या रकान्यात, एक आकडा बदलायचा असतो, बस्स. तो आकडा कुठं बदलायचा हे त्याला रोज बघून पाठ झालेलं आहे, पण का आणि किती, हे कुणी सांगितलेलं नाही. आणि हात लावायची परवानगीही नाही.

केबिनमध्ये चहा आला तेव्हा मालक म्हणाले, "सर, पोरं मिळत नाहीत. तुमच्या आयटीआयतनं कुणी असला तर धाडा की." मी म्हटलं, "तो मघाचा माणूस सतरा वर्षं आहे तुमच्याकडं. त्याला शिकवा." मालकांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्यांच्या कुत्र्याला इंग्रजी शिकवायला सांगतोय. "त्याला आता काय शिकवायचं ह्या वयात? आणि सर, तुम्हाला म्हणून सांगतो, शिकवलं की पळतो."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं नाही. तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी कधी ना कधी माझ्यासमोर ते म्हटलेलं आहे. म्हणून हे पत्र.

कोल्हापूर शिकलं कसं, हे आधी आठवूया. आपल्याकडं मेस्त्री हा शब्द नुसता धंदा सांगत नाही, तो मान आहे. बाबूराव पेंटर, ज्यांचं आडनावच मेस्त्री, त्यांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा इथं कोल्हापुरात बनवला. परदेशातनं मागवला नाही, बनवला. कुठल्या कॉलेजात शिकून? कुठल्याच नाही. पुढं ऑइल इंजिनं आली. विहिरीवर बिघडलेलं विलायती इंजिन आपल्या माणसांनी उघडलं, एकेक भाग फरशीवर मांडला, बघितला, मापला, तसाच ओतून घेतला, आणि मग अख्खं इंजिनच इथं तयार व्हायला लागलं. उद्यमनगरच्या गल्ल्या अशा उभ्या राहिल्या. पॅटर्नवाला एका गाळ्यात, फौंड्री पलीकडं, मशीनिंग समोर. पोरगं एका गाळ्यात झाडू मारायला लागायचं आणि दहा वर्षांनी शेजारच्या गाळ्यात स्वतःची लेथ टाकायचं. तेच उद्यमनगर आमचं विद्यापीठ होतं. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली आलं, हे त्याच्याही आधीपासून चालू होतं.

ही पद्धत उत्तम होती, पण एका अटीवर. यंत्र डोळ्यांना दिसलं पाहिजे. जुन्या लेथचा गिअरबॉक्स उघडला की कुठला दाता कुठल्या दात्यात बसतो हे दिसतं. हात काळे केले की कळतं. व्हीएमसीचं कपाट उघडून बघा, काय दिसतं? तारा आणि दिवे. तिथं बघून शिकणं संपलं. प्रोग्रॅमची ओळ कुणीतरी समजावून द्यावी लागते, ड्रॉइंगवरच्या चौकटीतली ती चिन्हं कुणीतरी फळ्यावर काढून सांगावी लागतात. वीस मायक्रॉन म्हणजे केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी जागा. ती डोळ्यांनी हेरता येत नाही. म्हणजे ज्या शहरानं शाळेशिवाय कला कमावली, त्याला आता पहिल्यांदाच खरोखर शाळेची गरज पडली आहे. आणि नेमकी तीच शाळा कामाच्या माणसाला बंद आहे.

कशी बंद आहे ते सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी, जून-जुलैचे दिवस, प्रवेशाची गर्दी. एक मोल्डर, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे करणारा, पोराचा फॉर्म घेऊन आला होता. शिरोलीच्या एका फौंड्रीत कामाला. पोरगं खिडकीसमोरच्या रांगेत, आणि हा आमच्या वर्कशॉपच्या दारात येऊन उभा. मी टेपर टर्निंग दाखवत होतो. पोरांचं लक्ष नव्हतं, ह्याचं होतं. पोरं गेल्यावर आत आला, लेथच्या बेडवरनं हात फिरवला, जसा बैलाच्या पाठीवरनं फिरवतात, आणि म्हणाला, "सर, आमच्यासारख्यास्नी शिकिवशीला काय हो?" मी विचारलं, काय शिकायचंय? म्हणाला, "ड्रॉइंग. कागद वाचाया येत न्हाई. बाकी समदं येतंय."

आणि खरंच येत होतं. लाडलमधल्या, म्हणजे ओतायच्या पळीतल्या, रसाचा रंग बघून तो सांगायचा, ओतावं की थांबावं. वाळू मुठीत दाबून, मोडून, ओल बरोबर आहे का हे सांगायचा. पण ड्रॉइंग वाचता येत नाही म्हणून त्याच्यावर फोरमन म्हणून त्याच्या पोराच्या वयाचा डिप्लोमावाला. मी त्याला नियम सांगितला, प्रवेश घ्या, दिवसभर यावं लागेल, दोन वर्षं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग दिवसा भट्टी कोण बघंल?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही, म्हणून तुम्हाला विचारतोय.

गंमत अशी की नियम आडवा येतच नाही. आयटीआयच्या प्रवेशाला किमान वय १४ आहे. कमाल वयाची अट नाही. पन्नाशीचा माणूस आला तरी कायद्यानं त्याला बसू द्यावंच लागेल. पण देशात १९५० साली ही योजना सुरू झाली ती समोर पंधरा-सोळा वर्षांचा, दिवसभर मोकळा असलेला पोरगा धरून. शिडीही त्याच्यासाठीच आहे. दोन वर्षांचा ट्रेड करा, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट जा, तिथून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. चांगली शिडी आहे, माझी कितीतरी पोरं तिच्यावरनं वर गेली. पण पहिल्या पायरीवर सोळाव्या वर्षी पाय पडला नाही, तर नंतर शिडी दिसते, चढता येत नाही. दुसरी पाळी काही ठिकाणी असते, पण तीही त्याच पोरांची. बी.ए., बी.कॉम. करायचं असेल तर कोल्हापुरातही नाईट कॉलेज आहे, इचलकरंजीतही आहे. दिवसा काम करून रात्री इतिहास शिकता येतो. मायक्रोमीटर धरायला मात्र दिवसाच यावं लागतं.

इचलकरंजीवरनं आठवलं. तिला आपण महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो, छाती फुगवून म्हणतो. त्या खऱ्या मँचेस्टरनं काय केलं, ठाऊक आहे? १८२४ साली तिथल्या बँकवाल्यांनी, कारखानदारांनी आपल्या खिशातनं पैसे घालून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट काढली. अणुसिद्धांतवाला जॉन डाल्टन तिच्या संस्थापकांत होता. दिवसभर यंत्रावर राबलेली माणसं संध्याकाळी तिथं यांत्रिकी आणि रसायन शिकायला यायची. सरकारची वाट बघितली नाही, माणूस पळेल म्हणून हात आखडला नाही. त्याच संस्थेचं पुढं मोठं तंत्रविद्यापीठ झालं आणि २००४ मध्ये ते मँचेस्टर विद्यापीठात विलीन झालं. तिकडच्या मोठ्या शहरांत आजही फर्दर एज्युकेशन कॉलेज नावाची एक चीज असते. तिथं शाळा सोडलेला सोळा वर्षांचा पोरगा असतो, आणि त्याच इमारतीत नळकाम शिकायला आलेला मध्यमवयीन माणूसही असतो. मँचेस्टरचं नाव घेतलं, कापड घेतलं, ही गोष्ट तेवढी राहून गेली.

पण इतक्या लांब कशाला जायचं? आपल्या घरात काय कमी होतं? शाहू महाराजांनी गावच्या पाटलांसाठी पाटील शाळा काढली, तलाठ्यांसाठी वर्ग काढले. म्हणजे काय केलं? वतनावर बसलेल्या, मिशीला पीळ देणाऱ्या, कामात असलेल्या माणसाला पुन्हा बाकावर बसवलं. १९०१ च्या मराठा बोर्डिंगपासून एकामागून एक वसतिगृहं उभी केली, कारण नुसती शाळा काढून भागत नाही, पोराला झोपायला जागा आणि खायला भाकरी लागते हे त्यांना दिसत होतं. आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा मूल शाळेत न पाठवल्याचा दंड महिना एक रुपया, तो पालकाला. मुलाला नव्हे. माणूस शिकला नाही तर जबाबदारी ज्याच्या हाताखाली तो आहे त्याची, असा तो हिशेब. आज महाराज असते तर त्या सतरा वर्षं बटण दाबणाऱ्या माणसापायी दंडाची पावती कुणाच्या नावानं फाडली असती, हे तुम्हीच ठरवा.

आता तुमच्या त्या वाक्याकडं येतो. शिकवलं की पळतो.

पळतो, हे खरं आहे. मी नाकारत नाही. माझ्या एकेका तुकडीतली वीस पोरं, त्यातली किती चाकणला आणि रांजणगावला गेली हे मला पाठ आहे. पण ती का गेली हेही पाठ आहे. एकानं मला फोनवर सांगितलं होतं, "सर, हितं आणि तिथं कामात फरक न्हाई, पगाराच्या दिवसात आन् पगारात फरक हाय." तुम्ही शिकवलेल्या माणसाला न शिकलेल्याचा पगार देता आणि मग तो गेला की शिकवण्याला दोष देता. आंबा पिकवायचा, विकायचा नाही, आणि कुजला की झाडाला शिव्या द्यायच्या, त्यातली गत.

आणि दुसरी गोष्ट जरा स्पष्टच बोलतो, राग मानू नका. तुम्ही कोण आहात? तुमचे वडील, आजोबा कोण होते? कुणाच्या तरी शॉपमध्ये शिकून, एक दिवस राम राम करून, भाड्याच्या गाळ्यात जुनी लेथ टाकलेली माणसं. पळालेलीच होती की! उद्यमनगरच्या कितीतरी पाट्यांमागं हीच कथा आहे. ज्या मालकाकडनं ते शिकून पळाले त्यानं जर शिकवलंच नसतं, तर आज तुम्ही कुणाच्या तरी व्हीएमसीसमोर हिरवं बटण दाबत असता. शिकून पळालेल्या माणसांनीच हे शहर उभं केलंय. शिकवलेला माणूस तुमच्या दारातनं जाऊन कोल्हापुरातच कुठंतरी लागला, तर तो वाया गेला असं म्हणायचं कारण नाही. शेजाऱ्याच्या शॉपमधनं शिकलेला तुमच्याकडंही येईलच. अट एवढीच, की शिकवण्याचा खर्च एकट्यानं करू नका. सगळ्यांनी मिळून करा, म्हणजे कुणाचा माणूस कुणाकडं गेला ह्याचं दुःख राहणार नाही.

शिकाऊ उमेदवारांचंही तसंच. ज्या आस्थापनेत तीस किंवा जास्त माणसं, तिला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. तुम्ही घेताही. पण घेऊन काय करता? एका ठिकाणी, नाव सांगत नाही, माझा फिटरचा एक पोरगा वर्षभर डिस्पॅचमध्ये खोके बांधत होता. वर्षाअखेर त्याच्या परीक्षेला मी गेलो तर व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, धरायची त्याची सवय मोडलेली. ते वर्ष त्याचं शिकण्यात गेलं नाही, होतं तेही विसरण्यात गेलं.

आमच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर म्हणाल मास्तर एकतर्फी बोलतोय. निदेशकांच्या जागा रिकाम्या असतात, एक माणूस दोन-दोन युनिटं ओढतो. एका संस्थेत नवी सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन, आली आणि थ्री फेजच्या जोडणीसाठी महिनोन् महिने प्लास्टिकच्या आवरणात बसून राहिली. पोरं तिच्यावर दप्तरं ठेवायची. आणि संध्याकाळच्या वर्गांची गोष्ट निघाली तेव्हा नको म्हणणाऱ्यांत मीही होतो. घर लांब, मुलं लहान, ओव्हरटाइमचा पत्ता नाही. त्या मोल्डरला परत पाठवलं त्या वर्षीच ही चर्चा झाली होती, आणि मी हात वर केला नव्हता. हे कबूल करून टाकतो.

संस्था व्यवस्थापन समित्यांचं काय झालं? २००७-०८ पासून केंद्रानं देशातल्या १३९६ शासकीय आयटीआयांना उद्योगांशी जोडलं, प्रत्येकी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज दिलं, समितीचा अध्यक्ष उद्योगातला माणूस. कल्पना झकास होती. कारखानदारानं सांगावं, मला अमुक येणारी पोरं हवीत, आणि संस्थेनं तशी घडवावीत. मी ज्या बैठका पाहिल्या त्यात अध्यक्ष उशिरा यायचे, सह्या करायचे, लवकर जायचे. पोहे मात्र चांगले असायचे.

ह्या सगळ्यात घाई का, तर कास्टिंगच्या, म्हणजे ओतकामाच्या, धंद्यानं कूस बदलायला घेतलीय. ऑइल इंजिनांचे दिवस विजेच्या मोटारींनी संपवले तेव्हा आपण गाड्यांच्या कास्टिंगकडं वळलो. त्या वेळी वाळू तीच होती, भट्टी तीच होती, वळायला वेळही मिळाला. आता विजेवरची गाडी येतेय. तिला सिलिंडर ब्लॉक लागत नाही, सिलिंडर हेड लागत नाही. गिअरबॉक्सही जवळजवळ नसल्यातच जमा. ॲल्युमिनिअमची कवचं लागतील, बारीक मापं लागतील. ट्रॅक्टर, पंप, व्हॉल्व्ह हे राहतील, म्हणून उद्याच छप्पर कोसळणार नाही. पण आज पस्तीस-चाळिशीत असलेल्या मोल्डरला, ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या फेटलिंगवाल्याला, ऑपरेटरला निवृत्तीच्या आधी किमान एकदा तरी काम बदलावं लागणार, हे नक्की. त्याला तेव्हा कोण शिकवणार? त्याच्या जागी बिहार-ओडिशातनं माणसं आणता येतील, आताही आणताच. ती माणसंही शिकायची राहतातच, तीही बटणच दाबतात. आणि आपल्या पोरांना फौंड्रीत पाठवायचं तर मुलीकडचे नाक मुरडतात. "मुलगा भट्टीवर असतोय" म्हटलं की स्थळ गेलं. त्याच मुलाच्या हातात सँड लॅबचा कागद आणि मेथडिंगचं, म्हणजे साच्यात रस कसा वाहील हे ठरवायचं, सॉफ्टवेअर असेल तर बोलणी पुढं सरकतात, हे मी माझ्या भाच्याच्या लग्नात डोळ्यांनी बघितलंय.

फक्त लोखंडाचंच नाही हे. चप्पल लाईनला जा. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये तिची नक्कल मिलानच्या रॅम्पवर गेली तेव्हा आपण सगळे चवताळून उठलो. पण मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायचा फॉर्म, परदेशी ग्राहकाला पाठवायचं बिल, पायाच्या मापांचा युरोपी तक्ता, हे कारागिराला कुणी शिकवलं? वेणी घालणारा हात जगात एक नंबर, आणि बिल लिहायला पुतण्याची वाट बघायची. हुपरीत चांदीच्या साखळ्या जोडणाऱ्या बायका घरातच बसून काम करतात. त्यांच्यासाठी दिवसाची शाळा म्हणजे चुलीला सुट्टी. आणि २०२५ च्या ऑगस्टपासून आपल्याकडं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं. चाळीसहून अधिक वर्षं त्यासाठी भांडलो. आता तिथं लघुलेखक लागतील, संगणकावर मराठी-इंग्रजी झरझर टाइप करणारे कारकून लागतील. आयटीआयमध्ये स्टेनोग्राफीचा ट्रेड आहे. मुलींना सगळ्या ट्रेडमध्ये ३० टक्के जागा राखीव आहेत. पण लग्न होऊन शहरात आलेल्या, दुपारी दोन तास मोकळ्या असलेल्या बाईला त्या जागेचा उपयोग काय?

सरकार काहीच करत नाही असंही नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातल्या ४०० शासकीय आयटीआय आणि १५० शासकीय तांत्रिक विद्यालयांतनं अल्पमुदतीचे रोजगारक्षम वर्ग सुरू करायची योजना आली. अडीच हजार तुकड्या, त्यातल्या ३६४ फक्त महिलांच्या. पॉलिटेक्निकला तर एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, २०२३-२४ पासूनच नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत वर्ग चालवायची मुभा दिलीय. म्हणजे कागद तयार आहे. वरून आलेला कागद खाली उतरायला मात्र कुणीतरी हात पुढं करावा लागतो, आणि कोल्हापुरात तो हात तुमचा आहे. कारण माणूस तुमच्या शिफ्टमध्ये अडकलेला आहे, संस्थेच्या नाही.

तेव्हा मागणं एवढंच. कळंबा रोडच्या आयटीआयमध्ये आणि पॉलिटेक्निकमध्ये संध्याकाळी सहा ते नऊ वर्कशॉप उघडं राहावं, आठवड्यातनं दोन दिवस, रविवारी सकाळी एकदा. सुरुवात ड्रॉइंग वाचनानं आणि मोजमापानं करा, मग ऑफसेट आणि प्रोग्रॅमची तोंडओळख, मग फौंड्रीवाल्यांसाठी वाळू आणि मेथडिंग. सहा महिन्यांपेक्षा लांबवू नका, थकलेला माणूस त्यापुढं टिकत नाही. ज्याची शिफ्ट उशिरा सुटते त्याला त्या दोन दिवशी तासभर आधी सोडा, आणि त्या तासाचा पगार कापू नका. शिकवणाऱ्याचं मानधन आणि सरावाला लागणारे लोखंडी रॉड, इन्सर्ट, ह्यांचा खर्च संघटनांनी वर्गणीनं उचलावा. वर्ग पूर्ण केलेल्याला किती वाढ मिळणार हे वर्ग सुरू व्हायच्या आधी कागदावर लिहून द्या. तोंडी नको. तोंडी आश्वासनावर माझा एक पोरगा अजून हेल्परच आहे.

आणि मुख्य म्हणजे, त्या हिरव्या बटणवाल्याला पहिल्या तुकडीत घाला. सेटरला नाही, त्याला. सेटर शिकलेलाच आहे.

ड्रॉइंग वाचनाचा पहिला वर्ग मी घेतो, मानधनाशिवाय. मंगळवार आणि गुरुवार मला चालेल. गुडघे दुखतात, म्हणून वर्ग तळमजल्यावर असावा. फळा, खडू आणि वीस व्हर्नियर तेवढे लागतील. आणि तुमच्याकडं ज्या ऑर्डरी रद्द झाल्या, जे पार्ट आता बनत नाहीत, त्यांची जुनी ड्रॉइंग कपाटात धूळ खात पडली असतील, ती पाठवून द्या. पुस्तकातल्या ड्रॉइंगवर माणूस शिकत नाही, त्याला खरा पार्ट लागतो. घडी घालून पाठवू नका, घडीवर माप असतं ते पुसून जातं. गुंडाळून पाठवा.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (टर्नर)
कोल्हापूर

ता. क. : रात्री नऊनंतर कळंब्याहून शिरोलीला आणि गोकुळ शिरगावला जायला केएमटीची बस मिळेल का, हे कुणीतरी महापालिकेत विचारून ठेवावं. नाहीतर वर्ग सुरू होईल, फळाही असेल, आणि सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडं असेल.